दुपारी येणारी सर्दी

मला नाही म्हणता येतं. हा माझा गुण आहे आणि मी तो गुण म्हणूनच सांगते आहे. ठाण्याला नौपाड्यात एका मोठ्या मेडिकलमध्ये मी चार वर्षं काउंटरवर काढली, तिथे हे शिकले. झोपेची गोळी चिठ्ठीशिवाय मागणारा माणूस आधी हसतो, मग कुठली तरी ओळख काढतो, मग आवाज चढवतो आणि शेवटी निघून जातो. तेवढा वेळ आपण जागचं हलायचं नाही, बाकी काही करावं लागत नाही.

बाबांना हे उभ्या आयुष्यात जमलं नाही. डोंबिवली पश्चिमेला, कोपरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं दुकान आहे. ते बाबांनी उभं केलं आणि चाळीस वर्षं चालवलं, तेही कोणाला नाही न म्हणता. गिऱ्हाईक काउंटरला टेकलं की औषधाचं नाव विचारायच्या आधी ते विचारायचे, "गाव कुठलं?" राहता कुठे असं नाही, गाव कुठलं. आमचं गाव राजापूर तालुक्यातलं. समोरच्यानं रत्नागिरी जिल्हा म्हटलं की बाबा चष्मा वर करत, तालुका राजापूर निघाला की स्टूल पुढे सरकवत, आणि शेजारचं गाव निघालं तर मग त्या माणसाची घाई असो नसो, चहा यायचाच. मी लहानपणी शाळेतून दुकानात यायचे तेव्हा मला वाटायचं, हे दुकान औषधांचं नसून गावाकडच्या बातम्यांचं आहे.

बाबांच्या हृदयात दोन स्टेंट बसल्यावर मी नौपाडा सोडलं आणि दुकान हातात घेतलं. फ्रिजमधल्या इन्सुलिनपासून रॅकवरच्या लेबलांपर्यंत सगळं बदललं. बाबा तक्रार न करता बघत राहिले. फक्त दुपार त्यांनी सोडली नाही. दीड ते चार या वेळात आमच्याकडे निम्मा रस्ता शटर खाली ओढतो, पण औषधाचं दुकान झोपत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. फार्मासिस्टचं रजिस्ट्रेशन त्यांचंही चालू होतं, कायद्याची अडचण नव्हती. मी वर घरी जेवायला जायचे, जरा पडायचे, आणि बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खाली खुर्चीत बसायचे. आई गेल्यापासून त्या अडीच तासांसाठीच ते सकाळी दाढी करायचे, हे मला दिसत होतं.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्याकडून चूक झाली. ब्लडप्रेशरची पाच पॉवरची गोळी मागितली होती, दहाची दिली. गिऱ्हाईक शहाणं निघालं, घरी जाऊन वाचलं आणि परत घेऊन आलं. मी बाबांना त्याच संध्याकाळी सांगून टाकलं, की पुन्हा एक चूक झाली तर दुपारचं दुकान बंद, तुम्ही वर बसायचं. मी बोलले ते बरोबरच होतं, आजही वाटतं. बाबा बरं म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक स्ट्रिप भिंग लावून वाचू लागले.

मार्च संपता संपता आमच्या भागाच्या औषध खात्याच्या इन्स्पेक्टर मॅडमनी सगळ्या केमिस्टना बोलावलं. माझ्याहून वयानं लहान, पण बोलणं मुद्द्याचं. चोंदलेलं नाक मोकळं करणारा एक घटक सर्दीच्या काही गोळ्यांमध्ये असतो, तो काढून त्यातून नशेचा माल बनवणारे लोक शीळफाट्याच्या बाजूला कुठेतरी बसलेत असा संशय होता. मोठा साठा उचलला तर नजरेत येतं, म्हणून ते दुकानादुकानातून एकेक स्ट्रिप गोळा करत होते. त्यामुळे या गोळ्या आता डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत, एका माणसाला एकच स्ट्रिप, आणि रजिस्टर ठेवायचं. नाव, पत्ता, डॉक्टर, तारीख, आणि रोज दुकान बंद करताना फार्मासिस्टची सही. चिठ्ठीचा नियम तसा जुनाच, पण सर्दीच्या गोळीला चिठ्ठी मागणारा केमिस्ट मी तोवर पाहिला नव्हता. मी मात्र त्याच संध्याकाळी रजिस्टर आणलं, पानावर रकाने आखले आणि बाबांना दोनदा समजावून सांगितलं.

पहिलं नाही मी म्हटलं ते एका मावशीला. आमच्या समोरच्या फुटपाथवर त्या मासळी घेऊन बसतात. खाडीकाठच्या गावातल्या, पहाटेपासून बर्फात हात, त्यामुळे नाक बाराही महिने वाहतं. आमच्या दुकानातली ती गोळी त्या मी शाळेत होते तेव्हापासून घेतायत. मी म्हटलं, मावशी, चिठ्ठी आणा. त्यांना आधी मस्करी वाटली. मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, टोपलीवर ओलं फडकं टाकलं आणि डॉक्टरकडे तासभर बसून, फी भरून चिठ्ठी घेऊन आल्या. रजिस्टरमध्ये त्यांचं नाव लिहिताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं, हे कबूल करायला हवं.

एप्रिलपासून बाबांच्या दुपारी फुलू लागल्या. मी चारला खाली यायचे तेव्हा काउंटरवर चहाचे दोन ग्लास असायचे, कधी तीन. बाबांचा चेहरा उजळलेला. आज कोण आलं होतं माहिती आहे का, म्हणून सुरुवात व्हायची, आणि मग राजापूर तालुक्यातलं एखादं गाव यायचं. अमक्या गावचा एक जण, कोपरला नवीन राहायला आलाय. तमक्या गावचा एक, त्याच्या आजोळच्या शेतांना आपली शेतं लागतात. बाबांना गावच्या रस्त्यांपासून विहिरींपर्यंत सगळं बोलायचं असायचं आणि ती माणसं बसून ऐकायची म्हणे. ऑनलाइन औषधं मागवणाऱ्या या काळात आपल्या बापाशी काउंटरला टेकून कोणी बोलतं, याचा मला खरोखर आनंद झाला. रात्रीचं जेवण बाबा पूर्वीसारखं जेवू लागले. मी त्यांना चिडवायचे, की आता दुकानावर पाटी लावू, राजापूरकरांसाठी चहा फुकट.

मे महिन्यात आम्हाला माल पुरवणाऱ्या स्टॉकिस्टनं फोनवर विचारलं, की ताई, भर उन्हाळ्यात सर्दीचा एवढा माल कुठे जातोय तुमचा. मी ऐटीत सांगितलं, बाबांचं गिऱ्हाईक वाढलंय. फोन ठेवला आणि दुसऱ्या कामाला लागले. नौपाड्यात माझ्या हाताखालच्या कोणी असं उत्तर दिलं असतं, तर मी त्याला तासभर फैलावर घेतलं असतं.

त्यानंतर चार दिवसांनी मासळीवाल्या मावशी खोकल्याचं औषध घ्यायला आल्या. औषध पिशवीत टाकलं, तरी जाईनात. बाबा वर गेलेले आहेत ना हे त्यांनी आधी बघून घेतलं. मग हळू आवाजात सांगितलं, की दुपारी तुझ्या बापाकडे येणारी माणसं मी रोज समोरून बघते. दुकानातून निघतात, वळणावर एक रिक्षा उभी असते, आत बसलेल्याच्या हातात पुडकं देतात आणि जातात. रोज तीच रिक्षा.

"बाय, यांच्यातल्या येकालापन सर्दी नाय," त्या म्हणाल्या. "मी सकालपासना बरफात हात घालतंय. सर्दीवाला मानूस मना लांबून वलखतं. तू मना चिठ्ठी आनाला लावलीस, आनी यांना?"

त्या गेल्यावर रजिस्टर काढलं आणि एप्रिलपासून वाचायला बसले.

सकाळ-संध्याकाळच्या नोंदी माझ्या, घाईच्या अक्षरात. नाव, इमारत, रस्ता, डॉक्टर. दुपारच्या नोंदी बाबांच्या, शाळेतल्या कित्त्यासारख्या वळणदार. नाव होतं. एका माणसाला एक स्ट्रिप होती, नियम काटेकोर पाळलेला. पत्त्याच्या रकान्यात गाव होतं. डोंबिवलीतला पत्ता एकाचाही नाही, सगळीकडे गाव, वाडी, तालुका राजापूर. रोज तीन, कधी चार. डॉक्टरच्या रकान्यात प्रत्येक वेळी एकच शब्द होता, ओळखीचे.

आणि प्रत्येक पानाखाली माझी सही होती. दुकान बंद करताना मी पान उघडायचे, बाबांचं अक्षर दिसलं की तिकडे न बघता खाली सही करायचे. त्यांचं काय वाचायचं, असं मनात असायचं. इतर कोणाच्याही कागदावर मी अशी सही केली नसती. मला त्या वेळी बाबांचा राग आला, आणि त्याच्या दुप्पट स्वतःचा आला.

मी रजिस्टर घेऊन वर गेले. बाबा बातम्या बघत होते. मी टीव्ही बंद केला आणि विचारलं, ही माणसं कोण आहेत. ते म्हणाले, लिहिलंय की सगळं. मी म्हटलं, आपल्या आणि आजूबाजूच्या चार गावांत मिळून माणसं किती उरलीत, आणि त्यातली इतकी महिन्या-दीड महिन्यात डोंबिवलीत येऊन आपल्याच दुकानात शिंकतात, तेही दीड ते चारमध्येच? बाबा चिडले. गावची माणसं खोटं बोलणार नाहीत म्हणाले. तुला गाव माहीत नाही, गणपतीला चार दिवस जाऊन गाव कळत नाही म्हणाले. ते लागलं मला, कारण खरं होतं. पण मी माघार घेतली नाही. रिक्षाचं सांगितलं. शीळफाट्याचं पुन्हा सांगितलं. या गोळ्यांचं पुढे काय होतं आणि ते कोणाच्या मुलांच्या हातात पडतं, तेही सांगितलं.

बाबांनी रजिस्टर मांडीवर घेतलं. भिंग लावून पहिल्या पानापासून वाचू लागले. मी स्वयंपाकघरात जाऊन भाकरीचं पीठ मळलं, मळून झालं तरी मळत राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी हाक मारली. एकालाही रुमाल काढताना पाहिलं नाही, असं ते म्हणाले. चहा घेताना कोणी वाफ नाकात ओढली नाही. चाळीस वर्षं या खुर्चीत बसून मला हे दिसू नये, म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की मला जवळ जाऊन ऐकावं लागलं.

सकाळी मी इन्स्पेक्टर मॅडमना स्वतःहून फोन केला. लपवायचा विचार मनात आला नाही असं नाही, पण तो मी फार वेळ ठेवला नाही. त्या तासाभरात आल्या. रजिस्टर चाळताना ओळखीचे या शब्दावर त्यांचं बोट दोनतीनदा थांबलं. बाबा पुढे होऊन म्हणाले, हे अक्षर माझं, मुलीचा संबंध नाही. मॅडम शांतपणे म्हणाल्या, काका, सही त्यांची आहे. नोटीस येईल, उत्तर द्यावं लागेल, स्वतःहून कळवलंत त्याचा विचार होईल. लायसनचं काय ते आत्ता सांगता येणार नाही. मग त्यांनी नीट समजावलं, की आज कोणी आलं तर गोळी द्यायची नाही, शक्य तितकं बोलतं ठेवायचं आणि लगेच फोन करायचा. रिक्षाकडे बघायला साध्या कपड्यातला एक पोलीस वळणावर असेल.

त्या गेल्यावर बाबांनी मला समोर बसवलं.

"तू हिवाळ्यात म्हणाली होतीस, आणखी एक चूक झाली तर वर बसायचं," ते म्हणाले. "ती झाली. उद्यापासून मी वर. पण आजची दुपार माझी. मला त्यांच्यातल्या एकाला तरी विचारायचंय."

काय विचारायचंय ते त्यांनी सांगितलं नाही. मी हो म्हटलं. नाही म्हणायची माझी सगळी तयारी त्या वेळी कुठे गेली होती कोण जाणे.

दीड वाजता बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले. मी मागे, रॅकच्या आड, खोकी मोजायचं सोंग करत उभी राहिले. दोनच्या सुमारास एक माणूस आला. पस्तिशीचा, पाठीवर कुठल्याशा कंपनीची डिलिव्हरीची बॅग, पायात साधी चप्पल. बाबांनी त्याला नावानं ये म्हटलं, त्यावरून हा सगळ्यात आधीपासून येणारा, हे मी रजिस्टरमधल्या नोंदी आठवून ताडलं. बाबांनी त्याचं गाव आमचंच लिहिलं होतं, वाडीसुद्धा आमचीच. त्यानं नमस्कार केला, काका बरे आहात ना विचारलं, आणि एक स्ट्रिप मागितली.

बाबांनी स्टूल पुढे सरकवलं. तो बसला.

बाबा म्हणाले, "आपल्या वाडीत शिमग्याला पालखी आधी कोणाच्या अंगणात येते?"

मला आता कळलं त्यांना काय हवं होतं. हा गडबडेल, काहीतरी ठोकून देईल, आणि बाबांना निदान एवढं तरी कळेल की फसवणारे परके होते, गावाचं नाव त्यांनी नुसतं वापरलं. मलाही तेच हवं होतं. मी खोकं हातात धरून वाट बघत राहिले.

तो माणूस क्षणभरही थांबला नाही.

"तुमच्या," तो म्हणाला. "पहिला मान तुमच्या घराचा. तुमचे थोरले भाऊ होते तोवर ते नारळ द्यायचे, मी लहानपणी बघितलंय. आता घर बंद असतं. तरी पालखी तुमच्या दारापुढं टेकवतात, काका. घटकाभर थांबतात आणि मग पुढं नेतात. यंदा मी होतो ना खांद्याला."

बाबांनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला. मग इतके दिवस बोलण्याच्या भरात राहून गेलेला प्रश्न त्यांनी विचारला, कोणाचा तू, आणि त्यानं मान खाली घालून सांगितलं. आमच्या घराच्या खालच्या अंगाला तिसरं घर, तिथला. गोदामातली नोकरी सुटल्यापासून हे करतो म्हणाला, स्ट्रिपमागे पैसे मिळतात. पुढे काय होतं ते आपण विचारत नाही. बाकीच्यांना आजूबाजूच्या गावांची नावं त्यानंच शिकवली होती, वाड्यांसकट. काका गाव विचारतात, गाव सांगितलं की चिठ्ठी विचारत नाहीत, हे त्यानंच सांगितलं होतं. सांगताना त्याचे डोळे भरले होते. मला त्याची दया आली नाही. बाबांची आली.

"तू खोटा निघाला असतास तर बरं झालं असतं रे," बाबा म्हणाले.

तो उठला. बाबांनी त्याला अडवलं नाही, पण समोरच सांगितलं, की गोळी मिळणार नाही आणि मी आता फोन करणार आहे, तुझ्यादेखतच करतो. तो पायरी उतरून उभा राहिला, वळणाकडे गेला नाही की उलट्या बाजूलाही गेला नाही. मी रॅकमागून पुढे आले, फोन मी करते म्हणून हात पुढे केला. बाबांनी मान हलवून नाही म्हटलं. त्यांना असं नाही म्हणताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्यांची खुर्ची वर न्यायची नाही, हे माझं तिथेच ठरलं.

त्यांनी भिंग लावून एकेक आकडा बघत नंबर लावला. मॅडमनी पलीकडून काय काय विचारलं ते मला ऐकू येत नव्हतं. बाबा ताठ बसून, तोललेल्या आवाजात उत्तरं देत होते. हो, आलाय. हो, एकटाच. नाही, दिली नाही. मग मॅडमनी काहीतरी लांबलचक विचारलं. बाबांनी पायरीखाली उभ्या त्या माणसाकडे पाहिलं, त्यानंही वर पाहिलं.

"हो, चांगला ओळखतो," बाबा म्हणाले. "लिहून घ्या. माझ्या गावचा आहे."